तीन दिवसांचा अंधार

मी आजवर चार वेळा मेले आहे. पहिल्यांदा दोन हजार साल लागलं तेव्हा. मग एकदा मंगळावरून किरणं येणार होती आणि फोन उशाशी ठेवून झोपलेला माणूस सकाळी उठणार नव्हता. मी फोन उशाशीच ठेवला, कारण अडलेल्या बायकांची माणसं रात्रीच फोन करतात. तिसऱ्यांदा एक काळा ग्रह येऊन पृथ्वीवर आदळणार होता. तो कुठे वाट चुकला कोण जाणे. चौथ्यांदा काय होणार होतं ते आता मला आठवतही नाही. दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी मला ड्यूटी होती आणि मी ड्यूटीवर गेले. म्हणून पाचव्यांदा जग बुडणार असं कानावर आलं तेव्हा मी हसले. ते हसू मला लवकरच गिळावं लागलं.

मी एनेलेस. सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करता करता केस पिकले. आमच्या दवाखान्याच्या मागे आंब्याखाली एक लांबट घर आहे. ज्यांचं बाळंतपण अवघड आहे आणि ज्यांचं गाव लांब आहे अशा बायका दिवस भरायच्या आधीच तिथे येऊन राहतात. प्रत्येकीबरोबर तिची आई नाहीतर सासू येते, तीन दगडांची चूल मांडते, मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा शिजवते आणि दुसऱ्या चुलीवाल्यांची उणीदुणी काढते. भांडणं होतात, पीठ उसनं दिलं घेतलं जातं, आणि वेळ आली की बाई चालत चालत बाळंतपणाच्या खोलीत येते. मामला सोपा आहे. या घराने किती जीव वाचवले आहेत ते मला माहीत आहे, म्हणून या घराच्या वाकड्यात कुणी शिरलं की माझं डोकं फिरतं.

या वेळी वाकड्यात शिरला तो संदेष्टा मोफात. समोरच्या चिम्वाला टेकडीवर त्याची प्रार्थनेची जागा होती आणि त्याचा कर्णा नेमका आमच्या तोंडावर रोखलेला होता. शुक्रवारी दुपारी सूर्यग्रहण आहे, खग्रास आहे, हे रेडिओवाले महिनाभर सांगत होते. मोफातने तेवढं उचललं आणि पुढचं पदरचं घातलं. सूर्य झाकला जाईल तो तीन दिवस उघडणार नाही. त्या अंधारात फक्त त्याने मंतरलेल्या मेणबत्त्या पेटतील, बाकी कुठलाही दिवा पेटणार नाही. आणि पोटुश्या बायकांनी सगळ्यांच्या आधी टेकडीवर यावं, नाहीतर पोटातलं मूल अंधारात दगड होईल.

सोमवारी घरात नऊ बायका होत्या. बुधवारपर्यंत पाच जणी चटया गुंडाळून गेल्या.

"अगं, तुझा रक्तदाब काय आहे माहीत आहे का?" मी डेलिफा नावाच्या एका मुलीला दारातच अडवलं. "पायांवर सूज बघ. टेकडी चढणार आहेस तू?"

"सिस्टर, मला भीती वाटते हो," ती म्हणाली.

"मग इथे बसून भी. भ्यायला टेकडी कशाला लागते?"

तिची सासू म्हणाली, "तुमचं ठीक आहे, तुम्ही शिकलेल्या. आम्ही साधी माणसं." आणि तिचा दंड धरून घेऊन गेली. माणसाला साधं म्हटलं की त्याच्यावर काही जबाबदारी राहत नाही, असं काहींना वाटतं. मी त्यांच्या मागे फाटकापर्यंत ओरडत गेले. रखवालदार माझ्याकडे बघतच राहिला.

उरलेल्या चार जणींत एक फालेस होती. वीस-एकवीसची, काटकुळी पोर. पहिल्या वेळी तिचं पोट फाडून मूल काढावं लागलं होतं, आणि आताचं मूल पोटात आडवं झालं होतं. आडवं मूल आपणहून बाहेर येत नाही, ते कुणाच्या प्रार्थनेनेही येत नाही. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर सोमवारी येणार होते. त्याआधी कळा लागल्या तर गाडीने तिला मोठ्या दवाखान्यात न्यायचं, असं आम्ही ठरवून ठेवलं होतं. इथून गाडी लगेच निघते. टेकडीवर कळा लागल्या तर जुनी शिवण आतून उसवेल आणि आई-मूल दोन्ही जातील. हे मी फालेसला सांगितलं होतं, तिची आई एसिनाती हिला सांगितलं होतं, आणि ऐकायला तयार असती तर त्या कर्ण्यालाही सांगितलं असतं.

बुधवारी संध्याकाळी मी चुलींपाशी गेले. "सगळ्या जणी इकडे या," म्हटलं. "एक डोळा मिटा. आता अंगठा डोळ्यासमोर धरा. टेकडी दिसते का?"

"नाही," एसिनाती म्हणाली.

"अंगठ्याने टेकडी खाल्ली का?"

एक जण खुदकन हसली. "खाल्ली असती तर बरं झालं असतं, तो कर्णा तरी गेला असता."

"अंगठा केवढासा, पण डोळ्याच्या जवळ आहे म्हणून एवढी टेकडी झाकतो. चंद्र असाच. सूर्यापुढे तो म्हणजे मक्याचा दाणा, पण आपल्या जवळ आहे. चालता चालता मध्ये येतो, झाकतो आणि पुढे जातो. तो थांबत नाही. कधी थांबलाय का चंद्र? शेतावरून ढगाची सावली जाते, तेव्हा ती तीन दिवस तुमच्याच शेतात मुक्काम करते का?"

"पण सिस्टर," फालेस हळूच म्हणाली, "त्याला आधी कसं कळलं, शुक्रवारी म्हणून?"

"त्याला रेडिओवरून कळलं. रेडिओवाल्यांना हिशोब करणाऱ्यांनी सांगितलं, आणि त्यांनी तो हिशोब तुझ्या जन्माआधी करून ठेवलाय. तू काय पाप करणार आहेस ते तुझ्या जन्माआधी ठरवून देवाने वेळ काढून ठेवली होती का? दुपारची, जेवणाची?"

मग मी एक मंतरलेली मेणबत्ती पेटवली. एसिनातीच्या भावाने ती तिच्यासाठी पाठवली होती. तिच्यावर काचेचा पेला उपडा घातला. ज्योत बारीक झाली आणि विझली. मग आमच्या दवाखान्यातली साधी मेणबत्ती तशीच झाकली, तीही विझली. "दोघींना हवा लागते," म्हटलं. "मोफातच्या मेणबत्तीला हवा लागते की प्रार्थना पुरते, ते बघा तुम्हीच."

त्या हसल्या, पेला परत परत घालून बघू लागल्या. मला वाटलं, जिंकलं. पण फालेसने विचारलं, "आणि मामा न्यायला आला तर?"

त्याला माझ्याकडे पेला नव्हता. आमच्यात मुलीचा धनी तिचा बाप नसतो, नवरा तर मुळीच नसतो. आईचा भाऊ म्हणेल ती पूर्व दिशा. मामाने जा म्हटलं तर जायचं, ये म्हटलं तर यायचं. मामाने सही केल्याशिवाय शस्त्रक्रियेला हात लावायचा नाही, असं बायकाच आम्हाला सांगतात. आणि फालेसचा मामा लायसोनी हा मोफातच्या मंडळीतला वडीलधारा होता, पांढरा झगा घालून पहिल्या रांगेत बसणारा.

शुक्रवारी सकाळी तो सायकल ढकलत आला. झगा घातलेला, वर हिरवा पट्टा. टेकडीवर गाणी सुरू झाली होती.

"आवर," तो बहिणीला म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"बाबा, बसा तरी," मी म्हटलं. "चालत आलात. थोबवा घ्या."

"वेळ नाही, सिस्टर."

"जग बुडायला दुपारपर्यंत वेळ आहे. घोटभर थोबवा पिऊन होईल."

एसिनातीने मक्याच्या पिठाच्या आंबूस थोबव्याचा पेला भरून दिला. माणूस रीतीपुढे लवतो, मोठा झगा घातला तरी. त्याने दोन्ही हात पुढे करून पेला घेतला, जसा घ्यायचा असतो तसा, आणि मी त्याची बोटं पाहिली. दोन्ही हातांची बोटं पेरांपर्यंत गुलाबी होती. नखांच्या कडा तर लालच. आमच्याकडे पेरणीच्या दिवसांत अशी बोटं सगळ्यांची होतात. दुकानातून आणलेल्या मक्याच्या बियाण्याला कीड लागू नये म्हणून औषध चोळलेलं असतं, त्याचा रंग साबणाने जात नाही, दोन दिवस टिकतो.

माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला, आणि मग राग आला. असा राग मला आयुष्यात फार वेळा आलेला नाही.

"बाबा, मका पेरलात वाटतं," मी म्हटलं.

त्याने एक घोट घेतला.

"कधी पेरलात?"

"काल. थोडा आज सकाळी," तो पेल्यात बघत म्हणाला. "ओल आहे ना जमिनीत."

"आज सकाळी. म्हणजे सूर्य जायच्या आधी. तीन दिवस अंधार, मग सगळं खलास, आणि तुम्ही पहाटे उठून मका पेरून आलात. तो काढणार कोण?"

"सिस्टर, तोंड सांभाळा."

"मी माझं तोंड सांभाळत नाही, मी बायका सांभाळते! बाबा, तुमच्या मक्याला उद्या आहे आणि तुमच्या भाचीला नाही? जग बुडलं नाही तर बी वाया जायला नको, एवढा विचार तुम्ही केलात. मग हाच विचार हिच्यासाठी का केला नाही? ही मक्याच्या मुठीपेक्षा हलकी झाली का?"

लायसोनीने पेला खाली ठेवला. मला वाटलं तो आता मारेल. मारू दे, मी मनात म्हटलं.

पण तो बोलला ते वेगळंच. "मर्सिनाला इथे मीच आणलं होतं," तो म्हणाला. मर्सिना म्हणजे त्याची धाकटी बहीण. "याच दारातून. आणि पेटीत घालून मीच नेलं. टेकडीवर निदान सगळे गातात तरी. इथे मी एकटा बाहेर बसलो होतो."

एसिनातीने कमरेला गुंडाळलेल्या चितेंज्याचं टोक तोंडाला लावलं. मला मर्सिना आठवत होती. "बाबा," मी म्हटलं, आवाज मी कमी केला पण शब्द नाही, "मर्सिना दोन दिवस घरी अडली होती. आली तेव्हा तिच्या अंगात रक्त उरलं नव्हतं. दवाखान्याने तिला मारलं नाही, उशिराने मारलं. तुम्हाला हे ठाऊक आहे. आणि आज तुम्ही फालेसला तोच उशीर द्यायला आला आहात."

"तो संदेष्टा म्हणतो…"

"मामा." फालेस उठून उभी राहिली, एक हात कमरेवर, एक पोटाखाली. मोठ्यांसमोर ती कधी मान वर करून बोलली नव्हती. "मी येत नाही. तू ओढत नेलंस तर मी ओरडत येईन, सगळ्या रस्त्याने. पण मी माझ्या पायाने येत नाही."

"फालेस!" तिची आई पुटपुटली.

"आई, तू गप्प बस. मूल माझ्या पोटात आहे, मामाच्या नाही."

आता मला वाटलं, मामा तिला मारेल. पण तो आंब्याखाली चटईवर जाऊन बसला. "मी इथे बसतो," तो म्हणाला. "अंधार राहिला तर तिला उचलून नेईन. कुणी आडवं आलं तर बघून घेईन."

"आणि उजेड आला तर?"

याचं उत्तर मीच द्यायचं ठरवलं. एसिनातीची पिठाची चाळणी मागितली आणि म्हटलं, "डोळ्यांनी सूर्याकडे कुणी बघायचं नाही. आंधळं व्हायचं असेल तर खुशाल बघा. बाकीच्यांनी खाली बघा."

फालेस ऊन आणि सावलीच्या मध्ये बसली होती. मी चाळणी तिच्या पोटावर उंच धरली. तिच्या पिवळ्या चितेंज्यावर उन्हाचे गोल ठिपके पडले, प्रत्येक भोकातून एक. हळूहळू प्रत्येक ठिपक्याची एक बाजू कापली गेली. मग अर्धे राहिले, मग नखाएवढ्या कोरी. एकाच वेळी शंभर सूर्य तिच्या पोटावर कापले जात होते. आंब्याच्या पानांतून जमिनीवरही तशाच कोरी पसरल्या होत्या, मामाच्या झग्यावर, सायकलच्या सीटवर. लायसोनी वाकून बघत होता, झगा मातीत लोळत होता त्याची त्याला शुद्ध नव्हती.

"हा चंद्र आहे," मी म्हटलं. "मध्ये आलाय. आता जाईल."

वारा गार झाला. कोंबड्या लगबगीने घरात शिरल्या. आणि मग अंधार पडला. खरंच पडला. मी हिशोब कितीही सांगितला असला तरी मीही भ्याले, खोटं कशाला बोलू? टेकडीवरून एक मोठा आक्रोश उठला, माणसांचा. एसिनातीने माझा हात धरला. लायसोनी उठला, भाचीकडे एक पाऊल टाकलं.

"थांबा," मी म्हटलं. "बाबा, थांबा."

"मामा, पेटवून बघ ना," फालेस अंधारातून म्हणाली. "चुलीत विस्तव आहे बघ अजून. तो म्हणाला होता काही पेटणार नाही."

तिच्या आईच्या चुलीतले निखारे लाल होते. कुणीतरी फुंकर मारली आणि साध्या लाकडाने साधा जाळ धरला. मामा त्या जाळाकडे बघत राहिला. आणि मग चंद्राच्या कडेने एक ठिणगी उमटली, आंब्याची पानं दिसली, कोंबडा आरवला. चाळणीतल्या कोरी आता उलट्या बाजूने भरू लागल्या. बायका हसत होत्या, रडत होत्या, एकीने जीभ हलवून आनंदाची लांब किलकारी मारली. मला कुणाच्यातरी गळ्यात पडावंसं वाटलं, पण मी सिस्टर आहे, म्हणून मी चाळणी एसिनातीला परत दिली.

तेवढ्यात कर्णा खरखरला. मोफातचा आवाज आला, घोगरा पण खुशीतला. देवाने आपल्या प्रार्थना ऐकल्या. तीन दिवसांचा अंधार पुढे ढकलला आहे. नवी तारीख लवकरच कळेल. तोवर पोटुश्या बायकांनी टेकडी सोडू नये.

लायसोनीने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग हिरवा पट्टा काढून सायकलच्या हँडलला गुंडाळला. "सिस्टर," तो म्हणाला, "ती मागे खाट लावलेली सायकल आहे ना तुमची, आजारी माणसं आणायची? ती द्या. वर पाच पोरी आहेत."

"तुम्हाला वरची मंडळी शिव्या देतील."

"द्यायला मला पण येतात."

तो संध्याकाळपर्यंत पाच खेपा करून आला. कपडे फाटलेले, गालावर कुणाचीतरी नखं उमटलेली. डेलिफाला त्याने सगळ्यात आधी आणलं होतं, पण तिला टेकडीवर झटके येऊन गेले होते. डेलिफा वाचली. तिचं मूल वाचलं नाही. मी ते मूल कापडात गुंडाळलं आणि तिच्या सासूच्या हातात दिलं, आणि या वेळी मी काहीच बोलले नाही. जग त्या दिवशी कुणाचंच बुडलं नाही असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. डेलिफाचं बुडलं. ते सूर्याने बुडवलं नाही.

फालेसची शस्त्रक्रिया सोमवारी झाली. मुलगी, रडण्यात पटाईत. लायसोनी या वेळी बाहेर एकटा बसला नव्हता, उरलेल्या सगळ्या जणींच्या आया-सासवांनी त्याच्याभोवती चटया टाकल्या होत्या आणि त्याला उसिपाची सुकी मासळी चारत होत्या.

गुरुवारी मोफातची दोन माणसं झगे घालून वॉर्डच्या दारात आली. लायसोनी भाचीच्या खाटेशेजारी जमिनीवर बसून न्सिमा खात होता. त्यांनी त्याला बाहेर बोलावलं, तो उठला नाही. मग त्यांनी दारातूनच सांगितलं की संदेष्ट्याला नवी तारीख मिळाली आहे. जानेवारीतला शेवटचा मंगळवार. तुमची जागा पहिल्या रांगेत राखून ठेवली आहे, मागचं सगळं माफ.

"मंगळवार?" लायसोनीने घास गिळला आणि माझ्याकडे वळला. "सिस्टर, दीड महिन्याची लस कधी म्हणालात?"

"त्याच मंगळवारी."

"मग नाही जमणार," तो दारातल्या माणसांना म्हणाला. "त्या दिवशी आमच्या पोरीची लस आहे. मीच घेऊन येणार आहे तिला."